कूलरच्या मागचा राउटर

मी कविता लिहिणारा माणूस, पदवी कलाशाखेची. फ्यूजची तार बांधण्यापलीकडे तांत्रिक गोष्टींशी माझा फारसा संबंध नव्हता. तेव्हा घरातल्या मंद इंटरनेटवर मी बोलायला बसलो याचं काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण या गोष्टीनं माझे पैसे घालवले आणि घरातल्या पोरीसमोर मला मान खाली घालायला लावली. म्हणून मी ती मुळापासून समजून घेतली.

२०२१ सालचा एप्रिल. करोनाची दुसरी लाट. कॉलेजं बंद, परीक्षा घरून. माझी भाची सेलू तालुक्यातल्या तिच्या गावाहून मार्चमध्येच आमच्याकडे येऊन राहिली होती, कारण तिथं मोबाईलची रेंज गच्चीवर चढल्याशिवाय मिळत नसे. आमच्याकडे मात्र आदल्या डिसेंबरात काचतंतूची, म्हणजे फायबरची नवी जोडणी आलेली. थंडीभर नेट असं चाललं की मी दोन-तीन ऑनलाइन कविसंमेलनंसुद्धा न अडखळता पार पाडली. मी मोठ्या ऐटीत बहिणीला म्हणालो होतो, पाठव तिला, इथं काही अडचण नाही.

पहिला पेपर एका तासाचा. पोरगी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. पाचव्या मिनिटाला पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं. थांबलं, पुन्हा फिरलं. वीस मिनिटं अशीच गेली. शेवटी ती मोबाईल घेऊन अंगणात धावली, भर उन्हात उभी राहून उरलेला पेपर तिनं मोबाईलच्या नेटवर सोडवला आणि काही प्रश्न राहूनच गेले. मी कंपनीच्या माणसाला फोनवर वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, तुमचा प्लॅन लहान आहे, मोठा घ्या. मी त्याच दिवशी पैसे भरून ५० चा १०० केला. दुसऱ्या पेपरला पुन्हा तेच चक्र.

मग जोडणी करणारा पोरगा आला. विशीतला असेल. घरात पाऊल टाकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हसला. "काका, हे राउटर काहून असं कूलरच्या मागं कोंडून ठेवलं जी?"

आता कूलर म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या, आत पंखा, खाली साठ-सत्तर लिटर पाणी. डिसेंबरात जोडणी झाली तेव्हा तो माळ्यावर होता. खिडकीतून वायर आत आली, खिडकीशेजारी विजेचं बटण होतं, तिथंच फळीवर राउटर बसला. एप्रिल लागला तसा आम्ही कूलर काढला आणि दरवर्षीच्या जागी, त्याच खिडकीसमोर, उभा केला. थंडीत धावणारं नेट उन्हाळ्यात का बसलं, याचं उत्तर इतकं सरळ होतं. आणि मी ते १०० मेगाबिटांच्या प्लॅनमध्ये शोधत होतो!

माझी चूक कूलर ठेवण्याची नव्हती, तो कुठंतरी ठेवावाच लागतो. चूक ही की बिघाड कुठं आहे हे न पाहता मी इलाज सुरू केला. इंटरनेट आपल्या हातात येतं ते दोन वेगळ्या रस्त्यांनी. पहिला रस्ता खांबावरून घरातल्या डब्यापर्यंत. तो तारेचा, आणि कंपनीचा. दुसरा डब्यापासून आपल्या फोनपर्यंत. तो हवेतला, आणि पूर्णपणे आपला. प्लॅनचे पैसे पहिल्या रस्त्याचे असतात. दुसरा रस्ता तुंबला असेल तर पहिला कितीही रुंद करा, घरात काही फरक पडत नाही.

कोणता रस्ता तुंबला आहे हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. राउटरच्या पाठीमागे चौकोनी भोकं असतात. त्यांतल्या एकात नेटवर्कची वायर घालून तिचं दुसरं टोक लॅपटॉपला जोडायचं, घरातले बाकीचे फोन, टीव्ही यांचं वाय-फाय थोडा वेळ बंद करायचं आणि लॅपटॉपचंही वाय-फाय बंद करून गती मोजायची. गती मोजणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. मग वायर काढून, वाय-फायवर, राउटरपासून दोन हातांवर बसून मोजायची. आणि तिसऱ्यांदा, जिथं रोज त्रास होतो त्या खोलीत. आमच्या घरी वायरीवर ९४ आली, कूलरच्या मागे राउटरशेजारी उभं राहून ७०, आणि भाचीच्या खोलीत ३. कंपनीनं आपलं काम चोख केलं होतं. त्या दिवशी फोनवर मी ज्याला बोललो त्याचं नावही मला माहीत नाही, नाहीतर माफी मागितली असती. अर्थात मोठा प्लॅन घ्या असं न तपासता सांगण्याचा दोष त्याचाही होताच.

या मोजणीत एक फसगत होते, ती सांगून टाकतो. प्लॅनवर आकडा असतो तो मेगाबिटचा, आणि फाईल उतरवताना पडद्यावर दिसतो तो बहुधा मेगाबाइटचा. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येत असतील तर ते पूर्ण मापाचं आहे. आणखी एक. नेटवर्कच्या वायरीत आठ बारीक तारा असतात. त्यांतली एखादी आत तुटली किंवा डब्याचं भोकच जुन्या पद्धतीचं असलं, तर गती १०० च्या आतच अडते. २०० चा प्लॅन घेऊन १०० च्या दारातून पाणी भरणारी घरं मी नंतर पाहिली.

आता हवेतल्या रस्त्याकडे येऊ. राउटर ही काही नवलाची वस्तू नाही. तो एक रेडिओ आहे, आणि हे मी रेडिओवरूनच सांगतो आहे. फरक लहरीच्या लांबीचा. मध्यम लहरींवरून आकाशवाणी ऐकू येते तेव्हा त्या लहरीची लांबी काही शे मीटर असते. अशी लहर झाडं, घरं, टेकड्या यांना फारशी जुमानत नाही. राउटरची लहर २.४ गिगाहर्ट्झची असते, लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, ती तर सहा सेंटिमीटरची. आखूड लहरीत माहिती पुष्कळ मावते, पण अडथळ्यांशी तिचं जमत नाही. शिवाय जोर किती? मोठ्या रेडिओ केंद्राचा प्रक्षेपक किलोवॅटमध्ये मोजतात. घरातल्या राउटरचा जोर साधारण एका वॅटचा दहावा भाग. देवघरातला किंवा जिन्यातला झिरोचा दिवा याच्यापेक्षा कितीतरी तगडा.

तरी या लहरी भिंतीतून जातात हे खरं. आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये याहूनही आखूड लहरी भिंतीपार पाठवून पलीकडे घंटा वाजवून दाखवली होती. पण प्रत्येक भिंत आपला कर घेते. लाकडी दार थोडा घेतं, विटांची भिंत त्याहून जास्त, लोखंडी सळ्यांचा स्लॅब बराच. जुन्या वाड्यांच्या दीड-दोन हात रुंदीच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर हात टेकते. धातू आणि पाणी हे दोघे सर्वांत वाईट. धातूच्या पत्र्यावरून लहर आरशासारखी मागे फिरते, म्हणून लोखंडी कपाट, फ्रिज आणि भिंतीवरचा मोठा आरसासुद्धा राउटरच्या वाटेत नको. पाणी लहर पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापतं ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळेच, आणि त्या भट्टीची लहर २.४५ गिगाहर्ट्झची, म्हणजे वाय-फायच्या अगदी शेजारची. भट्टी चालू असताना जवळचं नेट अडखळतं ते यामुळेच. आमच्या कूलरनं पत्रा आणि पाणी दोन्ही एकाच जागी आणून उभं केलं होतं.

गेलेली लहर गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. रेडिओचं भाषण एकदाच होतं. खरखरीत एखादा शब्द बुडाला तर बुडाला, निवेदक पुन्हा म्हणत नाही. वाय-फायमध्ये मजकूर लहान लहान तुकड्यांनी जातो आणि प्रत्येक तुकड्याची पोच यावी लागते. पोच आली नाही की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो, आणि आणखी सावकाश पाठवतो. भाचीच्या पडद्यावरचं फिरणारं चक्र म्हणजे ही परत परत पाठवणी होती. कविसंमेलनात मागच्या रांगेतल्याला ऐकू आलं नाही म्हणून तीच ओळ चारदा म्हणावी, तसंच.

संमेलनाचं निघालंच आहे तर वाय-फायचा एक नियम सांगतो, जो मला फार आवडला. एका राउटरवरची सगळी यंत्रं एकच माईक वापरतात. बोलण्याआधी प्रत्येकानं ऐकायचं. कोणी बोलत असेल तर थांबायचं, शांतता झाली की थोडी वाट पाहून बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प होऊन पुन्हा थांबायचं. आमच्या कविमंडळींना हे शिकवायला हवं! पण याचे दोन तोटे होतात. घरात एखादा दहा वर्षांचा जुना फोन असेल आणि तो लांबच्या खोलीत असेल, तर तो फार हळू बोलतो. मजकूर थोडा, पण माईक धरून ठेवतो सगळ्यांत जास्त वेळ, आणि बाकीचे ताटकळतात. दुसरा तोटा शेजाऱ्यांचा. लागून लागून घरं असली की शेजाऱ्याचं बोलणंही आपल्या राउटरला ऐकू येतं आणि तो सभ्यपणे थांबतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल दिसायला तेरा, पण एकमेकांवर न चढणारे फक्त तीन, १, ६ आणि ११. फ्लॅटच्या इमारतीत वीस राउटर असले तर तीन माइकांवर वीस घरं. फोनवर फुकट मिळणारं एखादं वाय-फाय तपासणारं ॲप घेतलं की कोणत्या चॅनेलवर किती गर्दी आहे ते दिसतं. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर त्याच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथं जाऊन या तिघांतला मोकळा चॅनेल निवडायचा. मधला ३ किंवा ८ निवडू नये, दोन्हीकडच्या गर्दीचा त्रास होतो.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे. आपल्या देशात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि ५ चा मोठा भाग २०१८ मध्ये. (रेडिओ ऐकायलाही एके काळी परवाना लागे. पोस्टात जाऊन फी भरायची आणि पुस्तकावर तिकिटं लावून आणायची. आमच्या घरातलं ते पुस्तक मला आठवतं.) आजच्या बहुतेक राउटरवर दोन्ही पट्टे असतात. राउटर असलेल्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत ५ वापरावा, दोन भिंतींपलीकडे २.४. पुष्कळ घरांत फोन सवयीनं २.४ वरच अडकलेला असतो आणि राउटर समोर असूनही लोक मंद नेटची तक्रार करतात.

जागेबद्दल आणखी थोडं. राउटर घराच्या मध्यावर हवा, छातीएवढ्या किंवा त्याहून जास्त उंचीवर, उघड्यावर. अँटेनाच्या टोकातून लहर निघते असा समज आहे, तो चुकीचा. लहर अँटेनाच्या कुशीतून चौफेर पसरते, टोकाच्या दिशेनं सर्वांत कमी. म्हणून एकमजली घरात अँटेना सरळ उभ्या ठेवाव्यात. वरही मजला असेल तर एक आडवी करून पाहावी.

आणि ऊन. आपल्या भागात मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे सांगायला नको. घरगुती राउटर बनवणारे बहुतेक जण चाळीस अंशांपर्यंतच्या हवेची हमी देतात. टिनाच्या छताखाली, बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला, वरून धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल पांघरलेला राउटर दुपारी दोनला काय करणार? तापला की तो मंद होतो, नाहीतर बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतो. आपण म्हणतो नेट येतं-जातं. रुमाल काढा, हवा लागू द्या. विजेच्या चढउतारानं त्याचा छोटा ॲडाप्टरही कमकुवत होतो आणि लक्षणं हीच दिसतात. नवा राउटर घेण्याआधी त्याच व्होल्टेजचा नि तेवढ्याच किंवा जास्त ॲम्पियरचा दुसरा ॲडाप्टर लावून पाहावा. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर नेट सुधारतं याचंही कारण आहे. राउटर हा लहानसा संगणकच असतो, त्याची साठलेली स्मृती मोकळी होते आणि पुष्कळदा तो चॅनेलही नव्यानं निवडतो. पण दिवसातून तीनदा हे करावं लागत असेल तर तो इलाज नव्हे. दुखणं दुसरीकडे आहे.

हे सगळं घरातलं झालं. वायरीवर मोजूनही गती कमी आली, तर मात्र दोष पहिल्या रस्त्याचा. काचतंतू माणसाच्या केसाएवढा असतो, आवरणासकट जाडी १२५ मायक्रॉन, आणि ज्यातून प्रकाश धावतो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. वायरला तीक्ष्ण घडी पडली की प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो. म्हणून उरलेली वायर खिळ्याला गच्च गुंडाळू नये. आमच्याकडे वानरांच्या टोळ्या या तारांवरून उड्या मारतात, ते वेगळंच. डब्यावरचा एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही असं समजावं आणि तक्रार करावी. वायरचं टोक काढून डोळ्याला लावून पाहू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

कधी वायर ठीक असते, पण गर्दी असते. एक्स्चेंजमधून निघणारा एक तंतू वाटेत फोडून बत्तीस, कधी चौसष्ट घरांना देतात. सगळ्यांत मिळून नेहमीच्या पद्धतीत सुमारे अडीच हजार मेगाबिट. सगळी घरं एकदम वापरत नाहीत या भरवशावर हा हिशेब चालतो. त्याच्या पुढेही कंपनीची मोठी तार असतेच, ती कमी पडली की रात्री आठ ते दहा सगळ्या मोहल्ल्याचं नेट बसतं. हे ओळखायची माझी रीत अशी. पहाटे नमाजाला उठतो तेव्हा जग झोपलेलं असतं. तेव्हा वायरीवर एकदा मोजायचं आणि रात्री नऊला एकदा. तीन दिवस. आकडे, वेळ, तारीख वहीत लिहायची. पहाटे पूर्ण आणि रात्री अर्धी असेल तर गर्दी कंपनीकडे आहे. मोठा प्लॅन घेऊन ती हटेलच असं नाही. पहाटेही कमी असेल तर वायर, सांधा किंवा डबा. तक्रार नोंदवताना हे आकडे सांगितले की पलीकडचा माणूस जागा होतो. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. त्यावर काही झालं नाही तर प्रत्येक कंपनीकडे अपील ऐकणारा अधिकारी असतो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी तशी सोय करून ठेवली आहे. आणि मुळात आपल्याला लागतं किती तेही पाहावं. २००४ साली सरकारनं २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०२३ पासून किमान २ मेगाबिट. एका चांगल्या चित्राच्या सिनेमाला पाचेक मेगाबिट पुरतात, फार मोठ्या टीव्हीवरच्या फार स्पष्ट चित्राला पंधरा ते पंचवीस. चार माणसांच्या घराला दोनशे, तीनशे घ्यायला लावणारे भेटतात. त्यांना हे विचारून पाहावं.

सेवाग्रामला बापूंच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून दिला होता, तातडीनं बोलता यावं म्हणून. पाहुण्यांना घेऊन मी तिथं कितीदा गेलो असेन. परवा गेलो तेव्हा मनात आलं, त्या काळी माणूस उठून फोनपर्यंत जायचा. आम्ही हवेतल्या लहरीनं आतल्या खोलीत, पलंगावर, कूलर ओलांडून यावं म्हणून हट्ट धरून बसलो होतो. परीक्षा, मुलाखत, डॉक्टरांशी बोलणं असलं की आपणच राउटरपर्यंत जावं हे त्या पोरानंच आम्हाला शिकवलं. त्यानं राउटर उचलून बैठकीतल्या भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या उंचीवर ठोकला. वायर दहा हात वाढवावी लागली. मग पिशवीतून नेटवर्कची एक लांब वायर काढली आणि म्हणाला, पेपरच्या दिवशी ताईला सरळ हीच लावून द्या, हवेच्या भानगडीत पडूच नका. वायरचे दीडशे रुपये घेतले. मोठ्या प्लॅनच्या एका महिन्याच्या फरकापेक्षा कमी.

उरलेले चारही पेपर भाचीनं बैठकीत बसून, वायर लावून दिले. पंखा तेवढा चालू, कूलर पलीकडच्या खोलीत. घाम पुसत पुसत लिहीत होती. आम्ही सगळे स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलत होतो. निकाल लागला, ती पास झाली. पण पहिल्या दोन पेपरांत गुण घसरले आणि जो वर्ग मिळायला हवा होता तो थोडक्यात हुकला. "जाऊ द्या ना मामू," एवढंच म्हणाली.

आकड्यांची वही अजून आमच्या टीव्हीच्या टेबलावर असते. कूलर दरवर्षी एप्रिलमध्ये निघतो तेव्हा त्या दिवशी तिन्ही जागी मोजून मी आकडे लिहून ठेवतो. मागच्या महिन्यात शेजारचे निवृत्त गुरुजी वही मागून घेऊन गेले. त्यांच्याकडे वायरीवर ४८ आणि माडीवर २ येतात म्हणे. मधे पाण्याची टाकी आहे का, ते पाहायला मी संध्याकाळी जाणार आहे.